पाल्यासाठी लॅपटॉप : अभ्यासाचा, खेळाचा आणि बेताच्या किमतीचा

लखनौचे चारबाग रेल्वेस्थानक उंचावरून पाहिले, तर त्याचे लहानमोठे घुमट आणि मनोरे बुद्धिबळाच्या पटावर मांडलेल्या मोहऱ्यांसारखे दिसतात, असे लखनौकर मोठ्या कौतुकाने सांगतात. १९१४ साली पायाभरणी झालेल्या या वास्तूला ती उपमा शोभतेही. खेळापायी राज्याकडे पाठ फिरवणाऱ्या दोन जहागीरदारांची मुन्शी प्रेमचंदांची कथा याच शहरात घडते. सत्यजित राय यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट काढला. ‘खेळ की कर्तव्य’ हा वाद लखनौला नवा नाही. आज तो घरोघरी उभा राहतो तो एका निराळ्या खरेदीच्या निमित्ताने. नववी-दहावीतल्या पाल्याला लॅपटॉप हवा असतो. आई-वडिलांना तो अभ्यासासाठी द्यायचा असतो. आणि पाल्याच्या मनात अभ्यासाच्या बरोबरीने खेळही असतो.

उत्तर प्रदेशात शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्या सुमारास चारबागेच्या परिसरातील बँकशाखांत ही विचारणा वाढते. कोणी मुदत ठेव मोडावी काय असे विचारतो, कोणी वैयक्तिक कर्जाचा अर्ज मागतो, आणि जाता जाता ‘कोणता घ्यावा?’ हा प्रश्नही करतो. यांत मराठी कुटुंबेही असतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय निघाले, तेव्हापासूनच नव्हे तर त्याआधीपासून आपली माणसे या शहरात येत-जात आहेत. रेल्वे, लष्कर आणि बँका यांच्या बदल्यांनी तो ओघ चालू ठेवला आहे. बदलीच्या गावी ओळखीचा दुकानदार नसतो, म्हणून बँकेतील माणसाला विचारले जाते. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे, हा या लेखाचा हेतू.

स्वस्त लॅपटॉपचा विषय निघावा आणि लखनौचे नाव येऊ नये, हे शक्य नाही. मार्च २०१३ मध्ये याच शहरातून उत्तर प्रदेश शासनाने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटण्यास आरंभ केला. सुमारे १५ लाख यंत्रांची ती खरेदी होती आणि प्रत्येक यंत्राची ठरलेली किंमत होती १९,०५८ रुपये. चौदा इंची पडदा, २ जीबी मेमरी आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, असा त्याचा ऐवज होता. पुढे २५ डिसेंबर २०२१ पासून राज्यात टॅब्लेट आणि स्मार्टफोनचे वाटप सुरू झाले, तेही लखनौतूनच. आपल्या महाराष्ट्रानेही असा एक प्रयोग पाहिला आहे. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून जगभर गाजलेले हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे यंत्र २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, एका लहानशा वाडीवरील शाळेतल्या मुलांच्या हाती देण्यात आले होते. त्याचा पडदा उन्हातही वाचता येई आणि त्याला वीज फार थोडी लागे. शंभर डॉलरची किंमत मात्र कधीच साधली नाही. ती जवळजवळ दुप्पट निघाली.

या दोन्ही योजनांत यंत्र कसे असावे हे शासनाने अथवा संस्थेने ठरवले होते. घरच्या खरेदीत ते आपणांस ठरवावे लागते, आणि तिथेच चूक होते.

आधी खेळांची यादी

चूक अशी, की बहुतेक पालक अभ्यासापासून आरंभ करतात. वास्तविक शालेय अभ्यास लॅपटॉपकडून फारच थोडे मागतो. केंद्रीय मंडळाच्या नववी-दहावीतील ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय लिब्रे-ऑफिस या मोफत संचावर शिकवला जातो. अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉन ही भाषा आहे. तीही मोफत आहे आणि साध्या यंत्रावर सुखाने चालते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेची पुस्तके, ‘दीक्षा’वरील पाठ, एखादा ऑनलाइन वर्ग, प्रकल्पासाठी चित्रे आणि तक्ते हे सारे आजचा कोणताही ठीकठाक लॅपटॉप करतो. तेव्हा ‘अभ्यासासाठी कोणता?’ या प्रश्नाला बाजारात पन्नास उत्तरे आहेत आणि पन्नासही बरोबर आहेत.

किंमत ठरते ती खेळाने. कोणता खेळ खेळायचा आहे यावर चित्रांकनाची ताकद, मेमरी, साठवण आणि संगणकप्रणाली अवलंबून असते. खेळाचा विषय टाळून केलेली खरेदी दोन्हीकडून फसते. एक तर ‘फक्त अभ्यासासाठी’ म्हणून अगदी तळातले, ४ जीबी मेमरीचे यंत्र घरी येते. त्यावर ब्राउझरमध्ये दहा पाने उघडताच ते रखडू लागते आणि वर्षभरात ते धूळ खाते. नाही तर मुलाच्या हट्टापुढे मान तुकवून ‘गेमिंग’ अशी पाटी लावलेला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेतला जातो. तो साधारणतः साठ हजारांच्या पुढेच सुरू होतो, वजनाला दोन किलोहून अधिक भरतो, त्याचा अडॅप्टर विटेएवढा असतो आणि त्याची बॅटरी शाळेचा अर्धा दिवसही पुरत नाही.

गेल्या हंगामात रेल्वेत नोकरी करणारे, मूळचे भुसावळकडचे एक ग्राहक मुलाला घेऊन शाखेत आले होते. आवर्त ठेवीचे तीस हजार हाती येणार होते आणि ओढूनताणून पंचेचाळीस हजारांपर्यंत जायची त्यांची तयारी होती. नाका हिंडोल्याच्या एका दुकानात त्यांनी सव्वीस हजारांचा लॅपटॉप पाहून ठेवला होता. मुलाच्या मनात भरलेला अठ्ठ्याहत्तर हजारांचा होता. बापलेक एकमेकांशी धड बोलत नव्हते. “काका, बाबांना सांगा ना, त्या सव्वीस हजारवाल्यावर काहीच चालत नाही,” असे मुलगा म्हणाला, आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. वडिलांचे म्हणणे, “साहेब, अठ्ठ्याहत्तर हजारांत माझ्या मुलीची दोन वर्षांची फी होते,” तेही तितकेच खरे होते.

मुलाला एकच काम सांगितले : जे खेळ खरोखर खेळायचे आहेत, त्यांची नावे कागदावर लिही. चार नावे निघाली. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, एक फुटबॉलचा खेळ आणि ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग. यांपैकी शेवटच्या खेळावर युरोपातील वयमानांकनाचा १८ चा शिक्का आहे आणि तो एकटाच शंभर जीबीहून अधिक जागा खातो. तो मुलाने स्वतःच खोडला. जागेचे कारण त्याने मोठ्याने सांगितले, शिक्क्याचे सांगितले नाही. उरलेले तिन्ही खेळ स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय, प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेल्या चांगल्या चित्रांकनावर, दृश्यांची प्रत थोडी कमी ठेवली की समाधानकारक चालतात. म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजारांची गरज नव्हती, आणि सव्वीस हजारांत भागणारही नव्हते. हे कागदावर आल्यावर दोघेही मधल्या आकड्यावर राजी झाले, कारण तो आकडा कोणा एकाचा नव्हता.

एका अंकाचा फरक

आता त्या मधल्या आकड्यात काय पाहावे? दुकानातील विक्रेता सहसा ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’ किंवा ‘रायझन-फाइव्ह’ एवढेच सांगतो. ते पुरेसे नाही. खोक्यावरील पूर्ण क्रमांक वाचावा. रायझन ५ मालिकेतील ‘७५२०यू’ आणि ‘७५३०यू’ यांच्या नावांत एका अंकाचा फरक आहे. पहिल्यात चार गाभे आणि अगदी जुजबी चित्रांकन. दुसऱ्यात सहा गाभे आणि खेळांना पुरेसे पडावे असे चित्रांकन. अभ्यासाला दोन्ही चालतील. खेळाला पहिला बहुधा निराश करील. इंटेलच्या ‘आय-थ्री’ नावाखालीही असेच घडते. ‘एन३०५’ हा आठ गाभ्यांचा म्हणून विकला जातो, परंतु ते आठही वीज वाचवणारे धिमे गाभे आहेत. ‘१२१५यू’ मध्ये गाभे सहाच, पण त्यांतील दोन जलद आहेत आणि त्याचे चित्रांकनही पहिल्याच्या दुप्पट घटकांचे आहे. संख्या मोठी म्हणजे यंत्र चांगले, हा हिशेब येथे चालत नाही.

मेमरीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण बेताच्या किमतीच्या लॅपटॉपचे सुखदुःख तिच्यावरच आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते तेव्हा चित्रांकनाला लागणारी मेमरी मुख्य मेमरीतूनच कापली जाते. ८ जीबीतून दीड-दोन जीबी अशी गेली की उरलेल्यात संगणकप्रणाली, ब्राउझर आणि खेळ यांची दाटी होते. शिवाय मेमरीची एकच पट्टी असण्यापेक्षा दोन पट्ट्या जोडीने असल्या, तर अंतर्भूत चित्रांकनाचा वेग लक्षणीय वाढतो. इंटेलच्या ‘आयरिस एक्सई’ या चित्रांकनाला तर मेमरी जोडीने नसेल तर ते नावही मिळत नाही. यंत्र ते साधे ‘यूएचडी’ म्हणून दाखवते. म्हणून शक्य असेल तर १६ जीबी घ्यावी. पूर्वी आम्ही ‘आत्ता ८ घ्या, मोकळी खाच असलेला लॅपटॉप निवडा आणि पुढे दुसरी पट्टी बसवा’ असे निःशंकपणे सांगत असू. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले असल्याने हा सल्ला आता तपासून घ्यावा लागतो. दुकानात दोन्ही किमती विचाराव्यात. खाच मोकळी आहे की मेमरी मुख्य पट्टावरच कायमची डाखून टाकली आहे, हे मात्र न चुकता विचारावे. नुसते ‘वाढवता येते साहेब’ हे उत्तर मानू नये.

साठवणीसाठी एसएसडीच हवी, ५१२ जीबीची. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असावा. अजूनही काही स्वस्त यंत्रांत जुन्या, भरड प्रतीचा पडदा येतो आणि तो बाजूने पाहिला की काळवंडतो. दुकानात पडदा थोडा तिरपा करून पाहिल्यास हे क्षणात कळते.

कळफलकाकडे कोणी पाहत नाही, पण मुलाचे हात रोज तेथेच असतात. मराठी घरांना येथे एक लाभही आहे. लखनौच्या शाळेत मुलगा देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट पद्धत शिकला, तर त्याच हाताने तो आजीला मराठीत पत्र लिहू शकतो. हिंदीत न लागणारा ‘ळ’ याच मांडणीत ‘ल’च्या कळीवर शिफ्टसह बसलेला आहे.

जुने यंत्र घ्यावे काय?

चारबागेहून मेट्रोने हजरतगंज तिसरे स्थानक. तेथून जवळच्या नाझा मार्केटमध्ये संगणकांची दुकाने दाटीने आहेत आणि कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉपही तेथे मिळतात. हे लॅपटॉप मजबूत बांधणीचे असतात. अठरा-वीस हजारांत असा सौदा मोहात पाडतो. परंतु विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे, म्हणजे ढोबळमानाने २०१७ पूर्वीचे, प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत. दुकानदार ‘अकरा टाकून देतो’ म्हणेल आणि टाकूनही देईल. पण पुढील सुरक्षा-अद्यतनांची हमी त्याच्याकडे नसते. अशा यंत्रावर उबुंटूसारखी मोफत प्रणाली घातली तर शाळेचे काम उत्तम होते. मात्र व्हॅलोरंटसारखा खेळ तिच्यावर चालतच नाही. क्रोमबुकाचेही तेच. पुन्हा निर्णय खेळांच्या यादीपाशीच येतो. यादीत बुद्धिबळ आणि दोन-चार हलके खेळच असतील, तर आठव्या पिढीचे अथवा त्यानंतरचे जुने यंत्र ही उत्तम खरेदी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॅटरी मात्र नवी बसवावी लागेल असे धरूनच भाव करावा.

बिनव्याजी हप्त्याचे गणित

बँकेच्या मासिकात हा भाग टाळता येणार नाही. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ ही पाटी आज प्रत्येक दुकानात आहे. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच सांगितले आहे, की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते. मग व्याज जाते कुठे? ४२,००० रुपयांचा लॅपटॉप नऊ हप्त्यांत घेतला, तर दरमहा ४,६६७ रुपये पडतात. वार्षिक १५ टक्के दर धरला, तर या हप्त्यांमागचे मुद्दल सुमारे ३९,४९० रुपये असते आणि उरलेले सुमारे २,५१० रुपये व्याज असते. ही रक्कम विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून सोडते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के वस्तू व सेवाकर, येथे सुमारे ४५० रुपये, ग्राहकच भरतो. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील कर निराळा. योजना वाईट आहे असे नव्हे. परंतु रोख देणाऱ्याने ते अडीच हजार सवलतीत मागावेत, हे यातून कळते. मागितल्यावाचून ते मिळत नाहीत.

हप्त्यांची सोय न करता क्रेडिट कार्डावर रक्कम तशीच थकवली, तर मात्र व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते आणि स्वस्त लॅपटॉप महाग होतो. खरेदीला वर्षभर अवकाश असेल, मुलगा आठवीतच असेल, तर दरमहा ३,५०० रुपयांची आवर्त ठेव हा साधा मार्ग आहे. सहा टक्के दराने बारा महिन्यांत ४२,००० वर सुमारे १,३६५ रुपये व्याज मिळते. एक चांगली पाठपिशवी आणि माउस त्यात येतो.

बिल वस्तू व सेवाकरासह पक्के घ्यावे आणि त्यावरील क्रमांक यंत्राच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दुरुस्तीची हमी घरी येऊन देतात की यंत्र केंद्रावर न्यावे लागते, हेही विचारावे. बदलीची नोकरी असलेल्यांना सेवाकेंद्र पुढच्या गावीही असणे महत्त्वाचे. अडॅप्टर हरवला वा जळाला, तर स्थानकाबाहेर तीनशे रुपयांत मिळणारा घेऊ नये. लॅपटॉप आणि अडॅप्टर या दोहोंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीक्रमांक वस्तूवर छापलेला असतो आणि ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो तपासता येतो. विक्रेत्याशी वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक १९१५ आहे.

खेळांच्या बाबतीत पैशाचा एक धोका नजरेआड होऊ देऊ नये. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे. पण साध्या खेळांतही पोशाख, शस्त्रे, नाणी विकत घेण्याची सोय असते आणि ती बंदीत येत नाही. पालकांच्या कार्डाचा तपशील मुलाच्या लॅपटॉपमध्ये साठवून ठेवू नये. त्याऐवजी, दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिली आहे, तिचा उपयोग करावा. शंभर रुपयांचा पोशाख आपल्याच खात्यातून घ्यायचा असला, की मुले फार विचार करतात.

राहिला उन्हाळा. बहुतेक कंपन्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत यंत्र वापरावे असे सांगतात. लखनौत मे-जूनमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, विदर्भ-खानदेशच्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा घेऊ शकत नाही. खेळताना तो तापतो, मंदावतो, कधी बंदही पडतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात, ऐन दुपारी, टेबलावर ठेवून यादीतला सर्वांत जड खेळ दोन तास चालवून पाहावा. दोष असेल तर तो तेव्हाच कळतो. यंत्र बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते आणि ती खरेदीच्या अथवा घरपोच मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, खोके उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. वाढदिवसाला द्यायचे म्हणून महिनाभर आधी आणलेला लॅपटॉप कपाटात बंद ठेवू नये. तो आणल्या दिवशीच उघडून चालवून पाहावा आणि हवे तर पुन्हा खोक्यात ठेवून द्यावा.